धर्मा नाखवाचा चोर

प्रिय अनुजा आणि रोहन,

गेल्या रविवारी फोनवर रोहन म्हणाला की कॉलेजात सायकल लावली की तो तिचं पुढचं चाक काढून वर्गात घेऊन जातो. तुमची आई हसली. मी हसले नाही. मी एका माणसाला होडीचं सुकाणू खांद्यावर घेऊन लग्नाला आलेलं पाहिलं आहे, त्यामुळे चाकाचं मला काही विशेष वाटलं नाही. त्या माणसाबद्दल तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं. माझं वय आता असं आहे की जे आठवलं ते त्याच आठवड्यात लिहून टाकलेलं बरं.

लग्न माझ्या धाकट्या दिरांचं होतं, बोरिवलीच्या एका हॉलमध्ये. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धर्मा नाखवा गोराईहून आला. पांढरा शुभ्र शर्ट, कमरेला कोळ्यांचा लाल चौकड्यांचा रुमाल, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर सुकाणू. सुकाणू म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला लावलेली जाड लाकडी फळी. तिच्याने होडी वळते. ती काढून घेतली तर होडी तरंगते, पण तिला कुठेही नेता येत नाही.

नाखवाने ते शेजारच्या खुर्चीवर उभं करून ठेवलं. पंगत बसायच्या वेळी आमच्याकडचा एक मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, हे तिकडे चपलांपाशी ठेवू का?"

"चपला जातात ना तिथनं?" नाखवाने विचारलं.

मुलगा पंगतीकडे वळला. चपला खरोखरच जात होत्या.

मुलीकडच्या लोकांना वाटलं, कोळ्यांमध्ये लग्नाला सुकाणू आणायची रीत असेल. मुलीच्या मावशीने येऊन सुकाणूला हळदकुंकू लावलं. नाखवाने तेही शांतपणे लावून घेतलं. ग्रुप फोटोत तुमचे आजोबा आणि नाखवा यांच्या मधोमध ते उभं आहे, कुंकू लावलेलं, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त सरळ.

आता हा माणूस आमच्या घरातल्या लग्नाला कसा, ते सांगते. आम्ही बोरिवली पश्चिमेला तळमजल्यावर राहत होतो. खाडीपलीकडे गोराई. तिथून फेरीबोटीने रोज सकाळी हिराबाई नावाची कोळीण मासे घेऊन यायची आणि आमच्या पायरीवर टोपली उतरवायची. धर्मा नाखवा हा तिचा थोरला दीर. ती त्याला दादूस म्हणायची. तो होडी घेऊन समुद्रात जायचा, ती मासे विकायची. नाखवाची बायको फार पूर्वीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. भिंतीला भिंत लागून दोघांची दोन घरं, आणि दोन्ही घरं त्या एका होडीवर चालायची.

नाखवा चोरांना एवढा का भितो, असं मी एकदा हिराबाईला विचारलं. ती पापलेटाचे पर कापत म्हणाली, "पयली होडी चोरली ना, म्हनून."

"कोणी चोरली?"

"माज्या नवऱ्यानं," ती म्हणाली. "कालवन करनार का तळनार?"

मी तळणार म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुढे ही हकिगत मी खुद्द नाखवाच्या तोंडून अनेकदा ऐकली. पांडू, त्याचा धाकटा भाऊ. वडिलांची होडी दोघांत एक. होडीला इंजिन बसवायचं की नाही यावरून दोघांचं भांडण झालं. पांडू म्हणाला बसवू, धर्मा म्हणाला बापाच्या होडीला भोक पाडायचं नाही. सकाळी उठून बघतो तर पांडू नाही आणि होडी नाही. "सख्खा भाव, बाय! सुकानू, जाळी, नांगर, सगल्यासकट घेऊन गेला. येक वस्तू सोडली नाय." एवढं बोलून तो नेहमी एका सुरात एकच वाक्य टाकायचा, "म्हनून बोलतंय, इस्वास ठेवायचा, पन कुलूप लावून."

नंतर नाखवाने कर्ज काढून दुसरी होडी बांधली. तिला इंजिन बसवलं. ही जर गेली असती, तर तिसरी बांधायची ऐपत नव्हती. दोन्ही घरांच्या चुली थंड झाल्या असत्या. त्यामुळे तिच्या संरक्षणासाठी त्याने जी योजना केली होती, ती एखाद्या छोट्या देशाला पुरली असती.

योजनेचं मूळ तत्त्व असं की होडी कधीही पूर्ण असता कामा नये. किनाऱ्याला लागली की तिचे अवयव वेगळे करायचे. वल्ही शेजारच्या मारीबाईकडे, तिच्या डुकरांच्या खोपट्यात. नांगर देवळाच्या मागे. सुकाणू स्वतःच्या घरात, आणि गावाबाहेर जायचं तर खांद्यावर. फेरीबोटीवर त्याच्या सुकाणूला सामानाचं तिकीट लावायचा प्रयत्न एका नव्या माणसाने केला होता. नाखवा त्याला म्हणाला, "ह्यो होडीचा भाग हाय. तू होडीत होडी चढवल्याचं तिकीट फाडतोस का?" त्याच्याकडे तसलं तिकीट नव्हतं.

मी त्याला सुचवलं की एक लहानशी खोली बांधा, सगळं एकत्र ठेवा आणि भक्कम कुलूप लावा. आम्हा शिक्षकांना अशा सूचना करायची सवय असते.

"आनि सुकानू?"

"तेही त्यातच."

"नाय बाय. सुकानू घरातच पायजे." त्याने मला समजावून सांगितलं. "होडी न्यायची तर चोराला सुकानू लागंल. सुकानू घरात असलं तर त्याला घरात यायला लागंल. आला की दिसंल."

"आणि दिसला की?"

"बघू मंग," नाखवा म्हणाला.

इंजिनाचं हँडल मात्र आमच्याकडे असायचं. पावसाळ्यात होड्या वर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवत. त्या काळात नाखवा इंजिन चालू करायचं ते जाड लोखंडी हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हवाली करायचा. "चोर बोरिवलीला कशाला येईल?" असं त्याचं म्हणणं. ते आमच्या दारामागे छत्र्यांच्या शेजारी टांगलेलं असे. तुमचे आजोबा त्याच्यावर नारळ फोडायचे. एकदा एक विमा एजंट आला होता, बोलता बोलता त्याची नजर हँडलवर गेली आणि तो फॉर्म न काढताच उठला. त्यानंतर आजोबांचं हँडलविषयीचं मत फार चांगलं झालं.

या व्यवस्थेत एक लहानशी अडचण होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की गोराईच्या सगळ्या होड्या पाण्यात उतरायच्या. वाजतगाजत, पताका लावून. आणि धर्मा नाखवा त्या वेळी आपल्या होडीचे अवयव गोळा करत गावभर फिरत असायचा. एका वर्षी तो हँडल न्यायला आला, तर आम्ही राखीपौर्णिमेसाठी माझ्या भावाकडे ठाण्याला गेलेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा नाखवा आमच्या पायरीवर बसलेला. सकाळपासून बसला होता. मी ओशाळून माफी मागायला लागले, तर तो समाधानाने म्हणाला, "कुलूप चांगलं हाय तुमचं. मी हलवून बघितलं."

जाळ्यांसाठी त्याने वेगळी युक्ती काढली होती. बाजारातून बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणून त्याने त्या वाळत घातलेल्या जाळ्यांत अडकवल्या. चोराने जाळं उचललं की घंटा वाजणार. पण ती वाऱ्यानेही वाजायची, कावळा बसला तरी वाजायची, आणि मारीबाईची डुकरं खाली अंग घासायला आली की मग तर देवळात आरती चालल्यासारखी वाजायची. मारीबाई बांधावर उभी राहून ओरडायची, "अरे धर्मा, चोर परवडला रे! एकदा येईल आणि जाईल!"

"येईल तेवा बघू," नाखवा म्हणायचा.

माझ्या इंग्रजीचा त्याला उपयोग झाला तोही याच कामी. एक दिवस तो सुकाणूसकट आला आणि म्हणाला, "बाय, होडीवर इंग्रजीत लिवायचंय. आताचे चोर शिकलेले असतात." मी म्हटलं, होडीचं नाव आणि मालकाचं नाव लिहू. तर नको म्हणाला. नाव काय, चोर रंग फासून टाकेल. त्याने पूर्ण विचार केला होता. चोर होडी चोरतो ती विकायला. मग विकत घेणाऱ्याला आधीच कळलं पाहिजे.

"लिव, ही होडी चोरीची हाय."

"पण नाखवा, ती चोरीची नाही."

"आज नाय. चोरल्यावर असंल ना?"

मी बराच वेळ त्याच्याशी वाद घातला. शेवटी त्याला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, 'धिस बोट इज स्टोलन'. गोराईच्या पेंटरने ते होडीच्या दोन्ही अंगांना लाल रंगात काढलं आणि खाली कोपऱ्यात सवयीने 'आर्ट बाय सुरेश' असंही लिहिलं.

पंधरवड्याच्या आत गस्तीच्या लाँचने नाखवाला समुद्रात थांबवलं. त्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर सोन्याची आणि घड्याळांची चोरटी ने-आण चालायची, त्यामुळे गस्त कडक होती. अधिकाऱ्याने विचारलं, होडी कोणाची? नाखवा म्हणाला, माझी. अधिकाऱ्याने बोट दाखवून विचारलं, मग हे काय लिहिलंय? नाखवा म्हणाला, ते तुमच्यासाठी नाही, गिऱ्हाइकासाठी आहे. होडी, नाखवा आणि त्या दिवशीचे मासे, तिन्ही दुपारपर्यंत अडकून पडले. सुरेशचीही चौकशी झाली. सुटून आल्यावर मला वाटलं नाखवा माझ्यावर चिडेल. तो उलट खूश होता. "बघितलंस? अक्षर लांबनं वाचता येतंय."

असा माणूस. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो न चुकता खाडीच्या बोरिवलीकडच्या पोलीस चौकीत जायचा. तिथले हवालदार वयस्कर आणि सोशीक होते. नाखवा सुकाणू भिंतीला टेकवायचा आणि विचारायचा, "चोर गावला का?" हवालदार म्हणायचे, "नाही नाखवा." नाखवा म्हणायचा, "शोध चालू हाय ना?" हवालदार म्हणायचे, "चालू आहे." मग नाखवा सुकाणू उचलून निघायचा. जाताना आमच्याकडे चहा घ्यायचा. गोराईत तेव्हा फोन दुर्मीळ होता, म्हणून त्याने चौकीत आमच्या घरचा नंबर देऊन ठेवला होता.

एका सकाळी तो फोन आला. हवालदार उत्साहात होते. "बाई, नाखवाला निरोप द्या. त्याचा चोर सापडला. दुपारी पाठवून द्या चौकीत."

हिराबाई नुकतीच पायरीवर टोपली उतरवत होती. मी बाहेर येऊन तिला म्हटलं, "हिराबाई, चौकीतून फोन होता. नाखवाचा चोर सापडला म्हणे."

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. "कोन बोल्ला?"

"हवालदार."

"जिता हाय?"

मला प्रश्न नीट कळला नाही. चोर चौकीत बसला आहे म्हणजे जिवंतच असणार. मी हो म्हटलं. ती उठली आणि फेरीबोटीच्या रस्त्याने चालायला लागली. टोपली तशीच पायरीवर. मासे न विकता, टोपली टाकून गेलेली हिराबाई मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. मी त्या माशांवर बर्फ आणून घातला.

दुपारी दोघं आली. नाखवाने दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता, घडीच्या खुणा दिसत होत्या. हिराबाईने केसांत अबोलीचा गजरा माळला होता आणि हातात पितळी डबा होता. नाखवाच्या खांद्यावर सुकाणू नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्याला प्रथमच मोकळ्या खांद्याने पाहिलं. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"बाय, तू चल," तो म्हणाला. "मना बोलाया सुचायचं नाय."

"डब्यात काय आहे?"

"कालवन, भात. उपाशी असंल ना तो."

फिर्यादी चोराला डबा घेऊन जातो हे मी तेव्हा प्रथमच पाहत होते. पण नाखवाच्या बाबतीत मी बऱ्याच गोष्टी प्रथमच पाहिल्या होत्या, म्हणून चपला घालून निघाले. वाटेत दोघंही इतक्या भरभर चालत होती की मला धाप लागली.

चौकीत बाकावर एक किडकिडीत तरुण बसला होता. त्याच्या पायाशी जाळ्याचा ढीग. हवालदार हसत पुढे आले. "या नाखवा. हा घ्या तुमचा चोर. जाळं गोणीत भरून पहाटेच्या बोटीने इकडे आला आणि रिक्षात बसला. रिक्षा हलली की टण टण, थांबली की बंद. रिक्षावाल्याने सरळ इथे आणून उभा केला. घंटा तुमचीच. आम्ही काही केलं नाही."

नाखवाने त्या तरुणाकडे पाहिलं. मग बाकाच्या पलीकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"यो कोन?"

"चोर."

"त्यो कुटं हाय?"

"हाच की. जाळं तुमचंच ना?"

"जाळं माजं. चोर माजा नाय."

"मी तेच सांगतोय ना साहेब सकाळपासून," बाकावरचा तरुण आशेने म्हणाला.

"तू गप रे!" हवालदार त्याच्यावर खेकसले. मग नाखवाच्या नव्या शर्टाकडे, हिराबाईच्या गजऱ्याकडे आणि डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, माझी चूक झाली. मी जाळ्याच्या चोराबद्दल बोललो." ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजवा. ज्या दिवशी पांडू होडी घेऊन गेला, त्या दिवशी दुपारी वादळ झालं. बाकीच्या होड्या माघारी आल्या. त्याची आली नाही. चार दिवसांनी वसईकडे फळ्या लागल्या. हे आले आणि म्हणाले, चोरी लिहा. तेव्हाच्या साहेबांनी लिहिली. आता इतकी वर्षं झाली. होडी बुडाली असं लिहून मिटवून टाकू. यांचीही सुटका होईल."

नाखवाने ते ऐकलं होतं. "कोन बोल्ला बुडाली?"

"नाखवा, फळ्या सापडल्या होत्या..."

"फळ्या कुनाच्याबी असतात. मी माजी होडी वळखतंय." त्याचा आवाज चढला. "तू व्हतास तिथं? नाय ना? मंग? होडी चोरली. माज्या भावानं चोरली. आनि तो कुटंतरी बसलाय मजेत. जेवतोय, झोपतोय. थोरल्या भावाला तोंड दाखवायची लाज वाटते त्याला, म्हनून येत नाय. तू शोध. मिटवू नको."

हिराबाई दारात उभी होती, डावा हात चौकटीला लावून. तुम्हाला हे माहीत नसेल, म्हणून सांगते. कोळणी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या काढून समुद्राला देतात. नवऱ्याला सांभाळ म्हणून. त्यानंतर जन्मभर फक्त डाव्या हातात बांगड्या घालतात, नवरा आहे तोवर. हिराबाईच्या डाव्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. गावातल्या वडीलधाऱ्यांनी पांडूचे दिवस घालायला किती वेळा सांगितलं होतं, आणि नाखवाने प्रत्येक वेळी त्यांना कसं हुसकावलं होतं, ते मला नंतर मारीबाईने सांगितलं. चोराचे दिवस कोण घालतं, असं तो विचारायचा. चोराच्या बायकोच्या बांगड्या कोणी फोडतं का?

हिराबाई आत आली आणि बाकावर त्या तरुणाच्या शेजारी डबा ठेवून झाकण काढलं. "जेव," ती म्हणाली.

त्याने हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी खिडकीकडे पाहिलं. तो जेवायला लागला. खूप भूक लागली असावी, कारण तो भराभर घास घेत होता. नाखवा थोडा वेळ उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "हलू. काटे हायत."

जेवण झाल्यावर हिराबाईने डबा नळावर धुतला. पांडूच्या चोरीची फाईल ज्या कपाटात होती, त्याला हवालदारांनी हातही लावला नाही. निघताना नाखवाने त्यांना विचारलं, "शोध चालू हाय ना?"

"चालू आहे," हवालदार म्हणाले.

नाखवा जाळं तिथेच विसरून निघाला होता. ते दुसऱ्या दिवशी तुमच्या आजोबांनी रिक्षातून आणलं, आणि वाटेत रिक्षावाल्याने त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

धर्मा नाखवा जाऊन आता खूप वर्षं झाली. त्याच्यामागे होडी विकली गेली, आणि घेणाऱ्याने लाल अक्षरांवर निळा रंग दिला. चौकीतले ते हवालदार कधीच निवृत्त झाले. हिराबाई मात्र आहे. डोळ्यांना कमी दिसतं, मासे विकणं थांबवलं आहे, पण गोराईला त्याच घरात राहते. पांडूचे दिवस कोणी घातलेले नाहीत. गेल्या महिन्यात मी तिला भेटून आले. तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या आहेत.

तुमची आजी